दोन मालगाड्यांच्या मधे

भुसावळात मे महिन्यात सूक्ष्मदर्शकसुद्धा घामेजतो.
धातू फुगतो, केसाच्या शंभराव्या भागाएवढा,
आणि तेवढ्यात माझं केंद्रक
चौकटीतून सरकून शेजारी जाऊन बसतं.
म्हणून रात्री.

रावेरच्या बागेतून आणलेलं केळीचं मूळ,
टोकाचे फक्त दोन मिलिमीटर,
आम्लात मऊ केलेलं, काचेखाली अंगठ्याने पसरवलेलं.
एकेका केंद्रकात अकरा-अकराचे तीन संच.
तेहतीस. म्हणूनच तर आपल्या केळीत बी नसतं.
पण पेशी विभागत नसते तेव्हा तेहतीस मोजणार कोण?
जिनिंगमधल्या सरकी काढलेल्या कापसासारखा
सगळा नुसता गुंता.

जुम्मा तडवी प्रयोगशाळेच्या किल्ल्या सांभाळतो.
बाप पॉइंट्समन होता त्याचा.
टेबल थरथरायच्या आधी त्याला तळपायातून कळतं.
"आता कोळसा येईन, ताई. हात लावू नका."
मी हात मांडीवर ठेवते.
एकोणसाठ वाघिणी जातात. तो मोजतो, मी नाही.
मग त्याच्या वहीप्रमाणे अकरा मिनिटं मोकळी.

आधी साधा प्रकाश, कलेचा फरक दाखवणारा.
जे कमी दुखवतं ते आधी, हा माझा नियम.
त्यात केंद्रक राखाडी दिसतं,
मधोमध एक गच्च गोळा,
सीताफळाच्या बीएवढा ठसठशीत.

मग निळा. हा रंग फक्त डीएनएला चिकटतो.
सगळं केंद्रक पेटतं
आणि जिथं गोळा होता तिथं
भोक.
काळं, काठ स्वच्छ, काही म्हणजे काही नाही.

पहिल्या रात्री मी काच बदलली.
दुसऱ्या रात्री रंगाची बाटली.
तिसऱ्या रात्री स्वतःला शिव्या दिल्या, हळू आवाजात.

मग लेझर, एकेक थर कापत खाली.
सतरा थर, भोक सतराही थरांत.
आणि शेवटी ते लुकलुकवणारं तंत्र, कारण
प्रकाशालाही हद्द असते:
फार जवळचे दोन ठिपके त्याला एकच वाटतात,
लांबच्या रुळावरून येणाऱ्या इंजिनाच्या दिव्यांसारखे.
म्हणून सगळ्यांना एकदम बोलू द्यायचं नाही.
एकेकाला उठवायचं, जागा लिहायची, बसवायचं.
हजेरी संपते तोवर रंग मेलेला असतो.
आपण जितकं बघतो तितकं ते विझतं,
याची सवय मला अजून झालेली नाही.

चार चित्रं. चारही एकाच केंद्रकाची
आणि एकही दुसऱ्यावर नीट बसत नाही.
काचेवर मुद्दाम सांडलेले चमकते मणी
खुणेसाठी धरले,
हे चित्र फिरवलं, ते थोडं ताणलं.
अजून दोन ठिपक्यांचा फरक आहे. तो मी लपवणार नाही.

शेवटी हिरवा, आरएनएला धरणारा,
दुसऱ्या काचेवर, दुसऱ्या पेशीत.
भोक होतं तिथं हिरवा असा भडकला
की मी खुर्ची मागे सरकवली.

"काय दिसू ऱ्हायलं?" जुम्माने विचारलं.
मी त्याला डोळा लावायला दिला.
तो बराच वेळ वाकून राहिला, चष्मा कपाळावर.
"हे तर वरणगावच्या फॅक्टरीवानी झालं.
रात्री रोडवरून पाहा, नुस्ता अंधार. अन्
सगळं बनते तिथीच."

मी केंद्रकी म्हणाले, रायबोसोम म्हणाले,
वहीत सगळं नीट लिहून घेतलं.
त्याचं वाक्य प्रबंधात कुठं घालावं, ते कळेना.

तेवढ्यात पाण्याच्या बाटलीत वर्तुळं उठली.
एक चित्र अजून उघडंच होतं; सबंध हललं,
निळ्यावर निळा, दहा-बारा काठ.
पुसायला हवं होतं. ठेवलंय.

जुम्माच्या वहीत त्या रात्रीची शेवटची नोंद:
दोन एकेचाळीस. डाऊन, रिकामी.
थांबा.